सल्ला, शब्द आणि पायंडा : उद्योगक्षेत्रातील स्त्रियांच्या मार्गदर्शनविषयक कथनांची चिकित्सा

प्रस्तावना

व्यवस्थापनशास्त्रात आज सर्रास वापरला जाणारा 'मेंटर' हा शब्द मूळचा एका व्यक्तीचे नाव आहे. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात ओडिसियस युद्धावर जाताना आपले घर मेंटर या मित्राच्या हाती सोपवतो. पुढे ओडिसियसच्या मुलाला, टेलेमॅकसला, धीर देणारा आणि त्याच्या प्रवासाची सिद्धता करणारा जो मेंटर दिसतो, तो मात्र खरा मेंटर नसतो. अथेना ही देवी त्याचे रूप घेऊन आलेली असते. महाकाव्यातील या रूपांतराची कारणे काहीही असोत; शहाणपण स्त्रीचे आणि ते ज्या मुखातून ऐकले जाते ते मुख पुरुषाचे, ही घटना मार्गदर्शनाच्या आधुनिक चर्चेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाच्या काळात भारतातील बँका, वित्तसंस्था, माहिती तंत्रज्ञान आणि औषधनिर्मिती या क्षेत्रांत काही स्त्रिया सर्वोच्च पदांपर्यंत पोहोचल्या. त्यांच्या यशाबरोबर एक अपेक्षाही जन्माला आली. जी स्त्री वर पोहोचली तिने मागून येणाऱ्या स्त्रियांना हात द्यावा, अशी ती अपेक्षा होय. परिसंवाद, सत्कारसमारंभ आणि ८ मार्चची व्याख्याने यांतून ती वारंवार व्यक्त होते. परंतु 'हात द्यावा' म्हणजे नेमके काय द्यावे, याची चिकित्सा क्वचितच होते.

या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात तीन कथनांचा विचार केला आहे. शेरिल सँडबर्ग यांचे 'लीन इन' (२०१३), इंद्रा नूयी यांचे 'माय लाइफ इन फुल' (२०२१) आणि म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांचे २०१८ मधील जाहीर इंग्रजी व्याख्यान, ही ती तीन कथने होत. पूर्वपीठिका म्हणून रमाबाई रानडे यांच्या आठवणींचा आधार घेतला आहे. या कथनांतील स्त्रिया कोणाकडून काय मिळाल्याचे सांगतात आणि इतरांना काय देतात, यांतील तफावत तपासणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. संज्ञाविचार

मार्गदर्शनाच्या अभ्यासात कॅथी क्रॅम यांचा 'मेंटरिंग ॲट वर्क' (१९८५) हा ग्रंथ पायाभूत मानला जातो. क्रॅम यांनी मार्गदर्शनाची दोन कार्ये वेगळी केली. पहिले कार्य मनोसामाजिक स्वरूपाचे : धीर देणे, ऐकून घेणे, आदर्श म्हणून समोर असणे. दुसरे कार्य कारकिर्दीशी संबंधित : महत्त्वाचे काम मिळवून देणे, वरिष्ठांच्या नजरेत आणणे, पदासाठी नाव सुचवणे. ही दोन्ही कार्ये एकाच व्यक्तीने करावीत असा नियम नाही आणि पुष्कळदा तसे घडतही नाही.

२०१० साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये हर्मिनिया इबारा, नॅन्सी कार्टर आणि ख्रिस्टीन सिल्व्हा यांचा लेख प्रसिद्ध झाला. स्त्रियांना मार्गदर्शक भरपूर मिळतात. पाठीराखे मात्र मिळत नाहीत, असे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. पाठीराखा म्हणजे आपले वजन खर्च करून दुसऱ्याचे नाव पुढे करणारा. त्यामुळेच मार्गदर्शन लाभूनही पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना बढत्या कमी मिळतात, असे या लेखिकांनी दाखवले.

हा भेद मांडण्यासाठी मराठीला नव्या संज्ञा घडवण्याची गरज नाही. 'सल्ला देणे' आणि 'शब्द टाकणे' हे दोन वाक्प्रचार तो नेमका व्यक्त करतात. सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही. तो मानला गेला नाही तरी त्याची पत कायम राहते. शब्द टाकणाऱ्याची पत मात्र पणाला लागते. ज्याच्यासाठी शब्द टाकला तो अपयशी ठरला तर बोल शब्द टाकणाऱ्यालाही लागतो. म्हणून शब्द टाकण्यासाठी आधी पदरी पत असावी लागते. या दोहोंपलीकडे तिसरी पायरी आहे ती 'पायंडा पाडण्याची'. एका व्यक्तीला मिळालेली सवलत पुढच्या प्रत्येकीला न मागता मिळावी, अशी रीत घालून देणे म्हणजे पायंडा. सल्ला व्यक्तीपुरता असतो, शब्द प्रसंगापुरता असतो. पायंडा संस्थेत मुरतो. पुढील विवेचनात या तीन पायऱ्यांचाच निकष वापरला आहे.

२. पूर्वपीठिका : रमाबाई रानडे

'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे उद्योगातील स्त्रीचे आत्मकथन नाही. तरीही व्यावसायिक स्त्री घडवणारी स्त्री स्वतः कशी घडली, याचा मराठीतील हा आरंभीचा आणि प्रांजळ दस्तऐवज आहे. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी विवाह होऊन आलेल्या रमाबाईंना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी लिहावाचायला शिकवले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी मात्र या शिक्षणाला विरोध केला. टोमणे, अबोला आणि मानहानी सोसत, उलट उत्तर न देता त्या शिकत राहिल्या.

न्यायमूर्तींच्या निधनानंतर, १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले आणि रमाबाई त्याच्या अध्वर्यू झाल्या. शिक्षिका, परिचारिका अशा अर्थार्जन करणाऱ्या स्त्रिया या संस्थेने घडवल्या. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना सभ्य रोजगाराची वाट मिळाली. आजच्या परिभाषेत व्यावसायिक स्त्रियांना दिलेले हे संस्थात्मक मार्गदर्शनच होते.

या दोन वस्तुस्थिती शेजारी ठेवल्या असता एक आकृतिबंध स्पष्ट होतो. विद्या पुरुषाकडून मिळाली, जाच स्त्रियांकडून झाला आणि त्याच स्त्रीने पुढे स्त्रियांसाठी संस्था चालवली. परंतु आठवणींचा केंद्रबिंदू शेवटपर्यंत रानडे हेच राहतात. रमाबाईंनी स्वतः इतर स्त्रियांना जे दिले ते पुस्तकाच्या चौकटीबाहेर राहते. घेतलेल्या ऋणाची नोंद सविस्तर आणि दिलेल्या दानाची नोंद जवळजवळ नाही, हे या लेखनाचे वैशिष्ट्य शंभर वर्षांनंतरच्या कथनांतही वेगळ्या रीतीने आढळते.

३. 'लीन इन' : मार्गदर्शकाचा शोध आणि त्याची थट्टा

सँडबर्ग यांनी हे पुस्तक लिहिले तेव्हा त्या फेसबुकच्या मुख्य परिचालन अधिकारी होत्या. २०२२ मध्ये त्यांनी ते पद सोडले. पुस्तकातील एक स्वतंत्र प्रकरण मार्गदर्शनावर आहे. त्याचे शीर्षक लहान मुलांच्या एका प्रसिद्ध इंग्रजी गोष्टीवर बेतलेले आहे. त्या गोष्टीतील पिल्लू भेटेल त्याला 'तू माझी आई आहेस का?' असे विचारत हिंडते. व्याख्यानानंतर रांग लावून 'माझ्या मार्गदर्शक व्हाल का?' असे विचारणाऱ्या तरुण स्त्रिया सँडबर्ग यांना त्या पिल्लासारख्या वाटतात. असा प्रश्न विचारावा लागत असेल तर उत्तर बहुधा नकारार्थीच असते, असे त्या सांगतात. 'मार्गदर्शक मिळवा म्हणजे यश मिळेल' या उपदेशाऐवजी 'उत्तम काम करा म्हणजे मार्गदर्शक मिळेल' असा उपदेश करावा, हे त्यांचे मत आहे.

या मताला व्यवहाराचा आधार आहे. अनोळखी व्यक्तीने मागून मिळणारे नाते क्वचितच टिकते. परंतु सँडबर्ग यांचा स्वतःचा अनुभव या उपदेशाशी ताडून पाहिला पाहिजे. हार्वर्डमध्ये त्यांच्या प्रबंधाचे मार्गदर्शक लॅरी समर्स होते. समर्स जागतिक बँकेत गेले तेव्हा त्यांनी सँडबर्ग यांना साहाय्यक म्हणून सोबत घेतले. पुढे अमेरिकी अर्थखात्यात सँडबर्ग त्यांच्या कार्यालयप्रमुख झाल्या. उत्तम काम हे याचे कारण होतेच. पण ते काम पाहणारा आणि पाहिल्यावर पद देऊ शकणारा माणूस वर्गातच होता, हेही तितकेच महत्त्वाचे कारण होते. हार्वर्डच्या वर्गात न बसलेल्या स्त्रीचे उत्तम काम कोण पाहणार, या प्रश्नाला पुस्तकात समाधानकारक उत्तर नाही.

याच प्रकरणातील एक निरीक्षण मात्र अत्यंत मोलाचे आहे. वरिष्ठ पुरुष आणि कनिष्ठ स्त्री यांनी एकत्र भोजन घेतले, प्रवास केला तर लोक बोलतात. म्हणून वरिष्ठ पुरुष कनिष्ठ स्त्रियांना टाळतात. पुरुषांना अनौपचारिक सहवासातून जे मिळते त्याला स्त्रिया अशा रीतीने मुकतात. गोल्डमन सॅक्समधील एका वरिष्ठाने स्त्री असो वा पुरुष, सर्व सहकाऱ्यांना फक्त न्याहारी किंवा दुपारच्या भोजनालाच भेटण्याचा नियम केला होता, असे उदाहरण सँडबर्ग देतात. रात्रीचे भोजन कोणाबरोबरच नाही, त्यामुळे कोणावर अन्यायही नाही. साध्या दिसणाऱ्या या नियमात पायंड्याची सर्व लक्षणे आहेत. तो कोणाच्या सद्भावनेवर अवलंबून नाही आणि त्यासाठी कोणाला विनवणीही करावी लागत नाही.

पुस्तकाचा एकंदर रोख मात्र अशा नियमांपेक्षा स्त्रीच्या मनोवृत्तीवर आहे. स्त्रीने टेबलाशी बसावे, मागे सरू नये, आधीच माघार घेऊ नये, हा त्याचा सूर आहे. बेल हुक्स या कृष्णवर्णीय स्त्रीवादी विदुषीने २०१३ मध्येच या भूमिकेवर टीका केली. वंश आणि वर्ग यांचे अडसर बाजूला ठेवून केलेला हा स्त्रीवाद प्रस्थापित व्यवस्थेला धक्का लावत नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. २०१५ मध्ये पतीचे निधन झाल्यानंतर सँडबर्ग यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे कबूल केले, की एकट्या आईच्या अडचणी आपल्याला पुस्तक लिहिताना पुरेशा उमगल्या नव्हत्या. या कबुलीमुळे पुस्तकाचे मोल कमी होत नाही, त्याची मर्यादा मात्र लेखिकेच्याच साक्षीने निश्चित होते. 'लीन इन'मधून वाचक स्त्रीला मिळतो तो प्रामुख्याने सल्ला.

४. 'माय लाइफ इन फुल' : साडी, मुकुट आणि सहा महिने

इंद्रा नूयी यांचे आत्मकथन या विषयाच्या दृष्टीने अधिक समृद्ध आहे, कारण त्यात तिन्ही पायऱ्या स्पष्ट दिसतात. मद्रासमध्ये १९५५ साली जन्मलेल्या नूयी १९७८ मध्ये येल विद्यापीठात व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी गेल्या. उन्हाळी कामाच्या पहिल्या मुलाखतीला त्या स्वस्तातला, अंगाला न बसणारा पाश्चात्त्य सूट घालून गेल्या आणि अपमानित होऊन परतल्या. विद्यापीठातील व्यवसायमार्गदर्शन विभागाच्या प्रमुख बाईंनी त्यांना विचारले, की भारतात मुलाखतीला काय घातले असते? 'साडी' असे उत्तर मिळताच पुढच्या मुलाखतीला साडी नेसून जाण्याचा आणि आपण जशा आहोत तसेच राहण्याचा सल्ला त्यांनी दिला. बूझ ॲलन हॅमिल्टन या सल्लागार संस्थेच्या मुलाखतीला नूयी साडी नेसून गेल्या आणि त्यांना काम मिळाले.

स्त्रीने स्त्रीला दिलेल्या सल्ल्याचे याहून सुंदर उदाहरण शोधणे कठीण आहे. प्रारंभी उल्लेखिलेल्या अथेनेला मेंटरचे रूप घ्यावे लागले होते. येथे एक स्त्री दुसरीला उसने रूप उतरवून ठेवण्यास सांगते. परंतु या सल्ल्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. सल्ला देणाऱ्या बाईंच्या हाती नोकरी नव्हती. ती देणे न देणे टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांच्या हाती होते.

नूयींच्या पुढील वाटचालीत ज्यांनी शब्द टाकला ते बहुतेक पुरुष आहेत. मोटोरोलात त्यांना घेणारे आणि नंतर एबीबीमध्ये सोबत नेणारे गेरहार्ड शुल्मायर. १९९४ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडूनही बोलावणे असताना पेप्सिकोला तुमची गरज अधिक आहे असे सांगणारे वेन कॅलोवे. पुढे अध्यक्षपदाच्या वेळी आग्रह धरणारे स्टीव्ह राइनमंड. २००६ मध्ये नूयी पेप्सिकोच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या आणि २०१८ पर्यंत त्या पदावर राहिल्या. त्यांच्या गुणवत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि गुणवत्तेचे पदात रूपांतर करणारी पत त्या काळात पुरुषांकडेच होती, ही गोष्ट आत्मकथनातून सहज निष्पन्न होते.

आईचे चित्रण या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. लहानपणी जेवणाच्या वेळी आई मुलींना पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री झाल्याची कल्पना करून भाषण करायला लावत असे. तीच आई, नूयी अध्यक्षपदाची बातमी घेऊन रात्री घरी येतात तेव्हा त्यांना आधी दूध आणायला पाठवते आणि डोक्यावरचा मुकुट गॅरेजमध्ये ठेवून घरात येण्यास बजावते. हा प्रसंग अनेक व्याख्यानांतून विनम्रतेचा धडा म्हणून सांगितला गेला आहे. घरात त्या वेळी पती हजर होते आणि दूध आणण्याचे काम तरीही मुलीलाच सांगितले गेले, ही बाब त्या धड्यात झाकली जाते. आकांक्षा जागवणारी आणि तिला वेसण घालणारी स्त्री एकच असू शकते. म्हणूनच स्त्रीने स्त्रीला केलेले मार्गदर्शन आपोआपच मुक्तिदायी असते, हे गृहीतक टिकत नाही.

सर्वांत बोलका प्रसंग बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमधील आहे. वडील दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले असताना शिकागो कार्यालयाच्या प्रमुखांनी नूयींना सहा महिन्यांपर्यंत पगारी रजा घेण्यास सांगितले. ही सवलत मिळाली नसती तर नोकरी सोडावी लागली असती, असे त्या लिहितात. हा नियम नव्हता. एका सहृदय वरिष्ठाने घेतलेला तो निर्णय होता. नूयींच्या पुस्तकाचे वेगळेपण असे, की त्या या उपकाराचे कृतज्ञ स्मरण करून थांबत नाहीत. पुस्तकाच्या अखेरच्या भागात पगारी रजा, कामाच्या वेळेतील लवचिकता आणि मुलांची व वृद्धांची देखभाल या सार्वजनिक धोरणाच्या बाबी असाव्यात, असे प्रतिपादन त्या करतात. आपल्याला जे भाग्याने मिळाले ते इतरांना हक्काने मिळावे, ही सल्ल्याकडून पायंड्याकडे झालेली वाटचाल आहे. अर्थात येथेही एक प्रश्न उरतो. बारा वर्षे सर्वोच्च पदी असताना यातील किती गोष्टी प्रत्यक्षात आल्या? मुख्यालयातील पाळणाघरासारखी उदाहरणे आहेत. परंतु पुस्तकातील मागण्यांचा आवाका आणि कारकिर्दीत पडलेले पायंडे यांत अंतर आहे. भागधारकांना तिमाही हिशेब देणाऱ्या पदाची मर्यादा त्यातून लक्षात येते.

५. 'बाईच बाईची वैरी' या समजुतीचा विचार

रमाबाईंच्या घरातील स्त्रियांचा विरोध आणि नूयींच्या आईची वेसण पाहून 'बाईच बाईची वैरी' या रूढ म्हणीकडे वळण्याचा मोह होतो. पाश्चात्त्य मानसशास्त्रातही १९७० च्या दशकात 'राणी माशी' ही संकल्पना पुढे आली. एका पोळ्यात दुसरी राणी न खपवून घेणाऱ्या माशीप्रमाणे यशस्वी स्त्री इतर स्त्रियांना दूर ठेवते, असा तिचा आशय होता.

रोझाबेथ मॉस कँटर यांनी 'मेन अँड विमेन ऑफ द कॉर्पोरेशन' (१९७७) या ग्रंथात या वर्तनाचे कारण स्वभावात न शोधता संख्येत शोधले. एखाद्या गटात स्त्रियांचे प्रमाण साधारण पंधरा टक्क्यांपर्यंतच असेल तर प्रत्येक स्त्री व्यक्ती म्हणून न पाहता जातीची प्रतिनिधी म्हणून पाहिली जाते. तिच्या चुका सर्व स्त्रियांच्या खाती जमा होतात आणि बहुसंख्य गटाशी आपली निष्ठा तिला पुनःपुन्हा सिद्ध करावी लागते. अशा स्त्रीने दुसऱ्या स्त्रीसाठी शब्द टाकला तर तो गुणग्राहकता न ठरता पक्षपात ठरतो. तेव्हा तिची पत दुप्पट वेगाने खर्च होते. सासुरवासाच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीची सत्ताही अशीच उसनी असे. ज्या रीतीमुळे तिला मान मिळे ती मोडणाऱ्या सुनेला तिने पाठिंबा देणे म्हणजे स्वतःच्या मानावर पाणी सोडणे होते.

आयसीआयसीआयचे उदाहरण कँटर यांच्या विवेचनाला पुष्टी देते. नारायणन वाघुल आणि त्यांच्यानंतर के. व्ही. कामत यांच्या कारकिर्दीत तेथे ललिता गुप्ते, कल्पना मोरपारिया, शिखा शर्मा, चंदा कोचर, रेणुका रामनाथ अशा अनेक स्त्रिया एकाच कालखंडात वरिष्ठ पदांवर होत्या. २००९ मध्ये कोचर आयसीआयसीआय बँकेच्या, तर शर्मा ॲक्सिस बँकेच्या प्रमुख झाल्या आणि रामनाथ यांनी स्वतंत्र गुंतवणूक संस्था स्थापन केली. एकटी स्त्री अपवाद ठरते, पाच स्त्रिया असल्या की स्त्री असणे ही बातमी उरत नाही. अर्थात येथेही मूळ शब्द पुरुषांचाच होता, हे नमूद केले पाहिजे.

६. म्हसवड : उलट दिशेचे मार्गदर्शन

येथवरची कथने महानगरी, उच्चशिक्षित स्त्रियांची आहेत. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात १९९७ साली सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेची कथा या चर्चेला वेगळे परिमाण देते. चेतना सिन्हा आपल्या व्याख्यानात सांगतात, की रस्त्यालगत लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यात छपरावर घालायच्या कापडासाठी बचत करायची होती. पण इतकी किरकोळ खाती उघडण्यास बँका तयार नव्हत्या. म्हणून स्त्रियांचीच बँक काढण्याचे ठरले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक सदस्य निरक्षर आहेत, हे कारण होते. काही महिन्यांनी त्याच स्त्रिया अधिकाऱ्यांसमोर गेल्या. लिहितावाचता येत नसले तरी हिशेब येतो, हव्या त्या मुद्दलावरचे व्याज करायला सांगा आणि तुमच्या अधिकाऱ्यांना यंत्राशिवाय तेच करायला सांगा, असे त्यांनी आव्हान दिले. बँकेला परवाना मिळाला.

ठेवीदारांच्या पैशाची काळजी असणाऱ्या नियामकाने सावधगिरी बाळगणे गैर नव्हते. परंतु साक्षरता आणि आर्थिक समज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे नियामकाला पटवून दिले ते निरक्षर मानल्या गेलेल्या स्त्रियांनी. पुढेही दिशा तीच राहिली. व्यवहारासाठी गुप्त क्रमांकाची पद्धत सुचवली गेली, तेव्हा तो क्रमांक दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, त्यापेक्षा अंगठ्याचा ठसा बरा, असे खातेदार स्त्रियांनी सांगितले. मजुरी बुडवून बँकेत येणे परवडत नाही हे कळल्यावर बँक दारात गेली. २०१२-१३ च्या दुष्काळात चाऱ्यासाठी दागिने गहाण ठेवायला आलेल्या एका स्त्रीने विचारलेल्या प्रश्नातून जनावरांची छावणी उभी राहिली.

या कथनात नेतृत्व करणारी स्त्री शिकवत नाही, शिकते. सल्ला खालून वर जातो. शब्द मात्र तिने टाकलेला असतो, कारण मुंबईतील कार्यालयाचे दार ठोठावण्याची पत तिच्याकडे आहे. त्या दोहोंतून जो पायंडा पडतो तो बँकेच्या रूपाने उभा राहतो आणि उद्योजक स्त्रियांसाठी २००६ पासून चाललेल्या व्यवसाय-शाळेच्या रूपाने विस्तारतो. तरीही समीक्षकाने एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. हे कथन संस्थापकाच्या मुखातून, टाळ्यांच्या प्रतिसादात, इंग्रजीत आले आहे. त्या लोहारकाम करणाऱ्या स्त्रीने हीच गोष्ट सांगितली असती तर तिचा नायक कोण असता, हा प्रश्न कथनात अनुत्तरित राहतो.

या ठिकाणी लिज्जत पापडाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात जसवंतीबेन पोपट व त्यांच्या सहा शेजारणींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केले. हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरणारे त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख हे पुरुषच होते. परंतु श्री महिला गृह उद्योगाच्या रचनेत पापड लाटणारी प्रत्येक सदस्य 'बहेन' व मालक ठरली आणि तिच्यातूनच शाखेची संचालिका निवडण्याची रीत पडली. मार्गदर्शक आले आणि गेले, रीत मागे राहिली. त्या रीतीत लाटणारी आणि चालवणारी यांच्यात शिक्षणाची भिंत नाही, हे तिचे सामर्थ्य आहे.

७. कायद्याने पाडलेला पायंडा

पायंडा संस्थेबाहेरूनही पाडता येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक वर्गातील कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक केले. पहिल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी प्रवर्तकाची पत्नी, मुलगी किंवा बहीण यांची नेमणूक करून या अटीची पूर्तता झाली. त्यानंतर सेबीने शेअर बाजारातील मोठ्या ५०० कंपन्यांना एप्रिल २०१९ पासून आणि १,००० कंपन्यांना एप्रिल २०२० पासून स्वतंत्र स्त्री संचालक नेमणे सक्तीचे केले.

घराण्यातून आलेली स्त्री नेहमीच नामधारी असते, असे मानणेही अन्यायाचे ठरेल. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीची सूत्रे १९९६ मध्ये पतीच्या निधनानंतर अनु आगा यांच्याकडे आली. कंपनी अडचणीत असताना त्यांनी बाहेरचे सल्लागार नेमून संचालक मंडळाची पुनर्रचना केली आणि २००४ मध्ये अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवले. आईकडून मुलीकडे आलेले हे नेतृत्व समर्थ ठरले. परंतु ज्या स्त्रीची आई अध्यक्ष नाही तिच्यासाठी ही वाट नाही. कायद्याचे प्रयोजन तेथे सुरू होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अभ्यासलेल्या आत्मकथनांत स्त्रियांकडून मिळते ते प्रामुख्याने धीर व सल्ला आणि पुरुषांकडून मिळते ते पद. हा भेद स्त्रीच्या अनुदारतेचा पुरावा नसून पत कोणाच्या हाती होती याचा पुरावा आहे.

२) एकट्या स्त्रीकडून इतर सर्व स्त्रियांसाठी शब्द टाकण्याची अपेक्षा करणे, हा तिच्यावर पुरुष सहकाऱ्यांवर नसलेला अधिकचा भार आहे. वरिष्ठ पदांवरील स्त्रियांची संख्या वाढल्याखेरीज हा भार हलका होणार नाही. म्हणून पुरुष वरिष्ठांची जबाबदारी संपत नाही.

३) स्त्रीने स्त्रीला केलेले मार्गदर्शन आपोआप मुक्तिदायी नसते. ते व्यवस्थेशी जुळवून घेण्याचे शिक्षणही असू शकते.

४) मार्गदर्शनाचे मूल्यमापन मार्गदर्शकाच्या यशोगाथेवरून न करता तिच्यानंतर टिकून राहिलेल्या रीतीवरून करणे अधिक उचित होय. या निकषावर सेवासदन, लिज्जत आणि माणदेशी ही उदाहरणे गाजलेल्या आत्मकथनांपेक्षा उजवी ठरतात.

उच्चशिक्षणाच्या क्षेत्रालाही या निष्कर्षांची झळ पोहोचते. मूल्यांकनाच्या निमित्ताने प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी आणि मार्गदर्शक शिक्षक यांच्या याद्या तयार होतात. महिला विकास कक्षातर्फे यशस्वी उद्योजिकेचे व्याख्यान होते, छायाचित्र अहवालात लागते. ज्या विद्यार्थिनीला त्या व्याख्यानानंतर उमेदवारीसाठी शिफारसपत्र हवे असते, जिला सायंकाळच्या प्रशिक्षणाला थांबता यावे म्हणून वसतिगृहाची वेळ बदलून हवी असते, किंवा जी तान्ह्या मुलाला घरी ठेवून संशोधन करणारी तासिका तत्त्वावरील प्राध्यापिका असते, तिला सल्ल्याची टंचाई नाही. तिच्यासाठी कोणी शब्द टाकला का, आणि तिच्यानंतर येणारीला तो टाकून घ्यावा लागू नये अशी रीत पडली का, या दोन प्रश्नांची उत्तरे अहवालाच्या कोणत्याही रकान्यात विचारली जात नाहीत. ती विचारली जावीत, एवढी अपेक्षा या विवेचनातून निष्पन्न होते.